वर्धा रोडवरचा नवा इंटरनॅशनल स्कूल कॅम्पस: वर्ग उत्तम, लायब्ररी चुकीच्या जागी

नागपुरात विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक परिसराच्या पलीकडे, वर्धा रोडपासून थोडं आत उभं राहिलेलं हे नवं इंटरनॅशनल स्कूल बघायला पालक जातात ते स्विमिंग पूल आणि स्मार्ट बोर्डसाठी. इथे बघू या फक्त बांधकामाकडे, कारण फी भरून मूल रोज सात तास बसणार आहे ते त्यातच.

वर्गांच्या दोन्ही दुमजली ओळी पूर्व-पश्चिम लांबीत टाकल्या आहेत, म्हणजे खिडक्या उत्तर-दक्षिण उघडतात. नागपुरात पहिला प्रश्न खिडक्यांच्या दिशेचाच असतो आणि इथे तो बरोबर सुटला आहे. आपलं शहर २१ अंश अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला दोन फुटी छज्जाही पुरला असता. आर्किटेक्टने तिथे आठ फुटी व्हरांडा दिला आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४५ अंशांपर्यंत खाली येतो, तेव्हाचं ऊन व्हरांड्यात पडतं आणि वर्गाच्या फळ्यापर्यंत पोचत नाही. मुलांना डबा खायला यापेक्षा बरी जागा नाही. भिंती फ्लाय अ‍ॅश विटांच्या (कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख जवळच असताना दुसरं काही वापरायचं कारणही नव्हतं), गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि त्यावर पांढरा चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी). स्वस्त, जुनं आणि चालणारं काम.

दोन ओळींमधलं अंगण मात्र काठोकाठ पेव्हर ब्लॉकने भरलं आहे. लावलेले कडुनिंब अजून कमरेएवढे आहेत. त्यांची सावली पडायला पाच-सहा वर्षं जातील. तोवर हे ब्लॉक दुपारभर तापून तीच गरम हवा खालच्या वर्गांत सोडणार. अर्धे काढून तिथे माती आणि हिरवळ घ्यावी, बाकीवर हिरवी जाळी ताणावी.

आता दर्शनी इमारत. तीन मजले, पश्चिमेकडे तोंड, वरपासून खालपर्यंत काच. ब्रोशरमधला फोटो हाच आहे. खाली रिसेप्शन, वर लायब्ररी आणि आर्ट रूम. एप्रिलच्या शेवटी चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ३५ अंशांवर असतो. त्या कोनात दोन फुटी छज्जाची सावली खाली जेमतेम दीड फूट उतरते. दहा फुटी काचेची उरलेली साडेआठ फूट उघडीच. डबल ग्लेझिंग (दुहेरी काच) केलं आहे, त्याने उष्णता कमी होते, पण डोळ्यांवर येणारा झगझगाट कमी होत नाही. आतून ब्लाइंड ओढले की झगझगाट थांबतो, पण तोवर बरीचशी उष्णता काचेतून आत आलेलीच असते. मग दिवसा लाइट लावून, एसी १८ वर ठेवून पुस्तकं वाचायची. विदर्भातल्या बहुतेक शाळा मार्चपासून सकाळच्या होतात. इथे साडेतीनपर्यंत वर्ग आणि त्यानंतर लायब्ररीचा तास आहे, म्हणजे नेमकी वाईट वेळ. उपाय आहे: काचेच्या बाहेर दोन-अडीच फूट अंतर सोडून उभे लूव्हर्स (ऊन अडवणाऱ्या पट्ट्या) किंवा मातीच्या जाळीचा पडदा. सोपा उपाय त्याहून स्वस्त. लायब्ररी उत्तरेच्या ओळीत हलवा आणि काचेमागे स्टोअर, जिने, स्टाफ रूम येऊ द्या.

वर्गांत एसीऐवजी डक्टचे कूलर आहेत. हा निर्णय शहाणपणाचा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ४२ अंशांची हवा चांगल्या पॅडमधून २७-२८ पर्यंत उतरते. वर्ग साधारण ६० चौरस मीटरचा आणि ११ फूट उंच. त्याला तासाला ५ हजार घनमीटर हवा लागते आणि तेवढीच बाहेर पडायला वाट लागते. इथे समोरच्या भिंतीत व्हेंटिलेटर ठेवले आहेत, पण त्यांना बसवलेली झडप बहुतेक वर्गांत बंदच होती. बाहेर वाटच नसेल तर दमट हवा खोलीत साचते आणि तासाभरात कपडे अंगाला चिकटतात. जूनअखेर पाऊस आला की कूलर तसाही निरुपयोगी. मग पंखे आणि आरपार वारा. त्यासाठी उत्तर-दक्षिण खिडक्या पुन्हा कामी येतात.

आवाजाकडे दुर्लक्ष झालं आहे. उघडा स्लॅब, टाइल्स, काच. शिक्षकाचं वाक्य संपेपर्यंत आधीचा शब्द खोलीतच फिरत असतो. वर्गात आवाज घुमत राहण्याचा काळ ०.६ सेकंदापर्यंत असावा असा प्रचलित निकष आहे. प्रत्येक वर्गात छताखाली आणि मागच्या भिंतीवर मिळून ३० चौरस मीटर आवाज शोषणारे पॅनल लावले तर फरक लगेच कळेल. हे काम दिवाळीच्या सुट्टीत होतं.

काळ्या मातीचं काय? मुख्य इमारती अंडर-रीम पाइलवर (जमिनीत खोल नेलेल्या, तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांवर) आहेत, खोल काळ्या मातीत पाइल किमान ३.५ मीटर खाली न्यावी असं मानक सांगतं, आणि त्या इमारतींत कुठे तडा नाही. पण कंपाउंड वॉलला दोन फुटांचा दगडी पाया देऊन भागवलं. पहिल्याच पावसाळ्यानंतर तिला तिरक्या भेगा आहेत. पावसात माती फुगते, मेमध्ये आक्रसते, त्यात आतल्या बाजूला भिंतीला लागूनच लॉनचं पाणी. भेगा सिमेंटने बुजवून काही होणार नाही, पुढच्या मेमध्ये त्या पुन्हा उघडतील. लॉन पाच फूट मागे घ्यावं आणि दर पाच मीटरवर भिंतीत एक्स्पान्शन जॉइंट (हालचालीसाठी सोडलेली फट) द्यावा.

रेनवॉटर हार्वेस्टिंगचा बोर्ड गेटजवळ आहे. ३ हजार चौरस मीटर गच्ची, नागपूरचा सुमारे ११०० मिमी पाऊस आणि वीस टक्के गळती धरली, तरी वर्षाला २६ लाख लिटर पाणी होतं. ते सोडलं आहे साध्या शोषखड्ड्यांत. काळी माती ओली झाली की पाणी मुरू देत नाही, म्हणून जोराच्या पावसात खड्डे भरून वाहतात आणि पाणी खेळाच्या मैदानात येतं. खड्ड्यांतून मुरुमापर्यंत किंवा खालच्या फुटलेल्या खडकापर्यंत बोअर नेला आणि त्याआधी वाळू-खडीचा फिल्टर दिला, तरच बोर्डावरचा दावा खरा ठरेल.