मागची बोटं मोजायची राहिली: दोनशे सीसीच्या गाडीचे चौदा महिने

२,९४० रुपयांचं बिल समोर आहे, म्हणून आज लिहायला बसले. क्लच प्लेट, ऑइल, मजुरी. ही दोनशे सीसीची मोटरसायकल गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात घेतली, आज १२,६०० किलोमीटर झालेत. एवढ्या लवकर क्लच प्लेट कशी गेली, एवढंच मी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर विचारलं. तिथले साहेब बिलावरून मान वर न करता म्हणाले, "मॅडम, शेतात चालवता का? मग वॉरंटीत बसत नाही." कच्च्या रस्त्याची गाडी म्हणून विकायची आणि कच्च्या रस्त्यावर नेली की वॉरंटी नाही म्हणायचं, हे मला पटलं नाही. तसं मी मोठ्याने बोलले. दीड तास तिथंच बसून राहिले. शेवटी मजुरीतले तीनशे कमी झाले. वरचा आकडा कमी झाल्यानंतरचा आहे.

सीसी, बीएचपी सगळ्यांना पाठ असतं, ते सोडून देते. माझी गरज सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, औसा तालुक्यात. घर ते शाळा चौदा किलोमीटर, त्यातली शेवटची तीन पाणंद. आणि दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दादासोबत मराठवाड्यातले किल्ले एका फेरीत बघायचे, हे खूप वर्षांचं मनात होतं. म्हणजे एकाच गाडीवर चौपदरी रस्ता, खडकाळ वनवाट आणि काळ्या मातीचा चिखल, तिन्ही.

काळी माती ज्यांनी चालवली नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते. पाणी लागलं की ही माती फुगते. पाऊस चालू असतो तोवर चिखल पातळ असतो, टायरवरून ओघळून जातो, फक्त घसरायला होतं. खरा छळ पाऊस थांबून ऊन पडल्यावर सुरू होतो, वाफसा यायच्या आधी. तेव्हा ती पुरणपोळीच्या कणकेसारखी होते. टायरला एक थर बसतो, त्यावर दुसरा, त्यात सोयाबीनचा भुसा आणि गवत मिसळतं, आणि सगळं मडगार्डखाली जाऊन ठासून बसतं. माझ्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीचं पुढचं चाक असं कितीदा जाम झालं याची गणतीच नाही. हँडल धरून ढकललं तर चाक फिरायचं नाही, घासत सरकायचं. डिकीत कायम एक खुरपं ठेवलेलं असायचं, तुरीच्या रानाशेजारी अडकले तर तुराटीनं कोरून काढायचे. शाळेत पोचेपर्यंत परिपाठ संपलेला असायचा.

त्यामुळे शोरूममध्ये मी आधी किंमत विचारली नाही. खाली बसले आणि पुढच्या टायर-मडगार्डच्या मध्ये हात घातला. साध्या गाड्यांना जेमतेम एक बोट जातं. या गाडीचं मडगार्ड चोचीसारखं वर, हेडलाइटखाली. चार बोटंच काय, आख्खी मूठ आत गेली. गाडी तिथंच ठरली. रॉयल एनफिल्डची हिमालयनही बघितली होती. ४११ सीसीची १९९ किलो भरते, नंतर आलेली ४५० ची १९६ किलो. ४५० ला ४० पीएसची ताकद आहे, महामार्गावर तिला तोड नसेल. पण पाणंदीवर सकाळी साडेनऊला ती आडवी झाली तर मी एकटी कशी उचलणार? माझी एकशे साठ किलोच्या आतली आहे. हँडल पूर्ण वळवून, गुडघ्यात वाकून, पाठ गाडीला लावून उचलली की उठते. दोनदा उचललीय.

दिवाळीतली फेरी सात दिवसांची झाली, साडेतेराशे किलोमीटर. दादाकडे चारशे सीसीची जड गाडी. नळदुर्गला सोलापूर-हैदराबाद महामार्ग लागला तिथं तो पुढं निघून गेला. माझी गाडी ८० पर्यंत निवांत, त्यापुढं फूटरेस्टला मुंग्या येतात. मी ७५ धरलं आणि चहाच्या टपरीवर त्याला गाठलं. कन्नड तालुक्यात अंतूर किल्ल्याकडे जाणाऱ्या वनरस्त्यावर मात्र उलटं झालं. सुटे दगड, पाण्यानं कापलेले चर. २१ इंचाचं पुढचं चाक चरात पडत नाही, वरून निघून जातं. दादा पहिल्या गिअरमध्ये पाय टेकत आला, मी उभी राहून चालवत वर गेले. माहूरकडचा सागाच्या जंगलातला रस्ता तर आनंदाचाच होता. तिथल्या मुरमाचा टायरवर थर धरत नाही. रेणुकामातेच्या गडावर पोचलो तेव्हा दोन्ही गाड्या फक्त धुळीनं माखलेल्या होत्या.

परांड्यानं मात्र धडा दिला. आदल्या रात्री पाऊस झालेला. किल्ला बघून आम्ही सौताड्याकडे आतल्या रस्त्यानं निघालो आणि एका वळणानंतर डांबर संपलं. दोनशे मीटर काळं रान. पुढचं चाक छान फिरत होतं, मला फार बरं वाटलं. पन्नास मीटरवर गाडी जड झाली. रेस देतेय, क्लच अर्धा धरून काढतेय, गाडी मुंगीच्या चालीनं. उतरून मागं बघितलं तर टायर दिसतच नव्हता. मागच्या चाकाला अगदी लागून काळ्या प्लास्टिकचा हगर, म्हणजे छोटं मडगार्ड, असतो. तो, मागचं चाक धरणारा स्विंगआर्म आणि साडीगार्ड, तिन्ही मिळून चिखलाचा एकच गोळा झाला होता. टायर आणि हगर यांच्यामध्ये बोट घालून बघितलं. दीड बोट. शोरूममध्ये मी पुढंच बघितलं होतं, मागं वाकलेच नव्हते.

विजापूरची मुलूख मैदान तोफ आधी या परांड्याच्या किल्ल्यावर होती. ५५ टनांची तोफ ४०० बैल आणि १० हत्ती लावून ओढून नेली, असं सांगतात. सातवीच्या मुलांना मी ते दरवर्षी सांगते. त्या दिवशी खुरप्यानं चाक कोरताना पहिल्यांदा वाटलं, हे काम त्यांनी पावसाळ्यात खासच केलं नसणार.

तेव्हाच हगर काढायला हवा होता. नाही काढला. वर्षभर पाणंदीवर तशीच चालवली. पुढचं चाक मोकळं असल्यानं मी अडकत नव्हते, त्यामुळे मागचं चाक अडतंय हे जाणवलं तरी अर्धा क्लच धरून रेटत राहिले. गेल्या महिन्यात, घटस्थापनेच्या आधीच्या पावसात, पाणंदीवर जळका वास आला. दुसऱ्या दिवशी लातूर रस्त्यावर रेस वाढते पण वेग वाढत नाही, असं सुरू झालं. म्हणजे प्लेटा घासून संपल्या होत्या.

सर्व्हिस सेंटरशी भांडून घरी आले तेव्हा मी रागातच होते. मग तिथून आणलेल्या जुन्या प्लेटा गावातल्या मिस्त्रीनं बघितल्या आणि माझ्या हातात दिल्या. कडेला निळ्या-काळ्या पडलेल्या. तो म्हणाला, "ताई, गाडी शेतात गेली म्हणून जळाल्या नाहीत, चाक दाबलेलं असताना ओढली म्हणून जळाल्या." त्याचं बरोबर आहे. वॉरंटीबद्दलचं माझं म्हणणं तेवढ्यापुरतं मी मागं घेते. पण चिखलाच्या रस्त्यासाठी गाडी घेणाऱ्याला "हगर काढून चालवा" एवढं एक वाक्य विकताना सांगायला हवं होतं, हा राग अजून आहे. एका वाक्यात माझे तीन हजार वाचले असते.

मिस्त्रीनं हगर काढला. आता मागं साडेतीन बोटं जातात. शॉकअपवर चिखल उडू नये म्हणून जुन्या ट्यूबचा तुकडा केबल टायनं बांधलाय. रबर हलतं, त्यामुळे त्यावर थर धरत नाही. साडीगार्ड काढायला तो तयार होता, मी नको म्हटलं. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं गार्ड नियमानंही लागतं, आणि सासूबाई दर पौर्णिमेला माझ्या मागं बसून तुळजापूरला येतात, नऊवारीत. त्यांचा पदर आणि चाक यांच्यामध्ये काहीतरी हवंच. गार्डाच्या आतून आठवड्यातून एकदा खुरपं फिरवते, पाच मिनिटं लागतात.

बाकीचं थोडक्यात. सरासरी ४० मिळते. जुनी ६५ द्यायची, म्हणजे महिन्याला सातशे रुपये पेट्रोलला जास्त जातात आणि ते मला दर वेळी पंपावर टोचतं. स्पोकची चाकं असल्यानं ट्यूब आहे. वेड्या बाभळीच्या काट्यानं चौदा महिन्यांत तीन पंक्चर झाले, तिन्ही पाणंदीवर. सोबत २१ इंचाचीच ट्यूब ठेवा, अडीनडीला मागच्या १८ इंचाच्या चाकातही ती घरापर्यंत नेते. सीट उंच आहे. माझी उंची पाच फूट तीन इंच, एका बाजूचाच पाय पूर्ण टेकतो, महिन्याभरात सवय झाली. उंच मडगार्डची एक खोट आहे: ओल्या डांबरावर ६० च्या वर गेलं की पाणी थेट इंजिनावर आणि नडगीवर येतं. ते मी सोसते.

काल मामाच्या मुलानं नांदेडच्या एका शोरूममधून व्हिडिओ कॉल केला. त्याला किनवटच्या बाजूला नोकरी लागलीय, अशीच गाडी घ्यायचीय. पुढं मूठ घालून दाखवली, गेली. मी म्हटलं, आता मागं वाक. दोन बोटं गेली. विक्रेता मागून टँकची क्षमता सांगत होता. मी म्हटलं, ते राहू दे, हगर किती स्क्रूंवर आहे ते मोज. चार होते.