गोव्यातल्या पर्वरीचं रात्रीचं पेट क्लिनिक, आमच्या बोक्याची लघवी अडकली तेव्हाचा अनुभव

या क्लिनिकात रात्री खरंच डॉक्टर असतात, हे पहिलं सांगते, कारण २४ तासचा बोर्ड लावलेले बरेच आहेत आणि रात्री फोन केला की नुसती रिंग वाजत राहते. आमच्या फोंड्याच्या बाजूला एका ठिकाणी तेच झालं, शेवटी कुणीतरी उचलला आणि सकाळी घेऊन या म्हणाले.

आमचा बोका बाळू, सारखा त्याच्या लघवीच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता, कुंथत होता, मध्येच जोरात ओरडायचा आणि खाली एक थेंब नाही. सासूबाई म्हणाल्या पोट साफ झालं नसेल, एरंडेल पाजूया. दिसतंही अगदी तसंच. इथे फोन लावला तर थेट डॉक्टरांनीच उचलला आणि पहिला प्रश्न, बोका की मांजरी? लघवी शेवटची कधी केलेली बघितली? उलटी झाली का? एवढं ऐकून म्हणाले, "भियेनाकात, पूण बेगीन हाडा" (घाबरू नका, पण लवकर आणा), आणि घरातलं काहीच पाजू नका, पॅरासिटामॉल तर अजिबात नको, मांजरांना ते विष. पर्वरीत फ्लायओव्हरच्या कामामुळे मांडवीवरचा अटल सेतू उतरल्यावर कुठून वळायचं तेसुद्धा त्यांनीच सांगितलं. माझे निम्मे मार्क या फोनलाच.

पोचल्यावर फॉर्म नंतर, आधी टेबल. डॉक्टरांनी त्याच्या पोटाखाली हात घातला आणि मग माझी बोटं हलकेच तिथे ठेवली, मूत्राशय कच्च्या मोसंबीसारखं टणक लागत होतं, दाबू नका म्हणाले, फुटू शकतं. बोक्यांची मूत्रनळी टोकाकडे फारच बारीक असते, त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकला की बूच बसतं, मांजरींना हे क्वचितच होतं. मला वाटलं आता लगेच लघवी काढायची नळी घालतील पण आधी ईसीजी लावला आणि रक्त घेतलं, कारण लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय मंद होत जातं. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराचे ठोके मिनिटाला १६० ते २२० असायला हवेत, बाळूचे ११० च्या खाली होते. मग स्क्रीनकडे बघत बघत अगदी सावकाश कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, त्याने पोटॅशियम उतरत नाही पण हृदय सांभाळलं जातं, तोवर बाकीची औषधं काम करतात. ठोके वाढल्यावरच थोडी भूल देऊन नळी घातली आणि लालसर लघवी आली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. हे अडकलेलं तसंच राहिलं तर एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो, त्यामुळे कुणाचा बोका असं करत असेल तर कृपा करून सकाळ होऊ देऊ नका.

नळी काढेपर्यंत तिथेच ठेवून घेतला. अडकलेलं सुटल्यावर लघवी इतकी होते की अंगातलं पाणी कमी पडतं, म्हणून सलाइन चालू आणि नळीच्या पिशवीत किती मिली लघवी जमली ते कागदावर लिहून ठेवायचे, त्या कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर न मागता यायचा. घरी सोडताना ओलं खाणं, पाण्याची भांडी दोन-तीन जागी, आणि हे परत होऊ शकतं असं स्पष्ट सांगितलं, आता कायमचं बरं झालं वगैरे गोड बोलले नाहीत, ते मला फार आवडलं.

आता नावडलेलं. बसायची जागा कुत्र्यामांजरांना एकच, शेजारी मोठा लॅब्राडोर भुंकत होता आणि बाळू पिंजऱ्यात थरथरत होता, टॉवेल मागितल्यावर मिळाला, तो आधीच द्यायला हवा. बिल पाच आकडी झालं, रात्रीचा चार्ज आणि अंदाजे खर्च सुरुवातीलाच सांगितला होता म्हणून त्याबद्दल तक्रार नाही, पण शेवटच्या बिलात "औषधे" म्हणून एकच रक्कम लिहिलेली, कशाचे किती ते विचारल्यावर वेगळं लिहून दिलं. एक स्टार त्याचा कापला. आणि रात्री डॉक्टर एकच असतात, आमच्यानंतर साप चावलेला कुत्रा आला तेव्हा एकट्याची धावपळ चाललेली दिसत होती, तेव्हा निघायच्या आधी फोन कराच म्हणजे ते तयारी करून ठेवतात.