यवतमाळ जिल्ह्यातील एक आधारगट : कागदपत्रांत पक्का, शिध्यात कच्चा

आमच्या तालुक्यात एचआयव्हीबाधित कुटुंबांसाठी काही बाधित स्त्रियांनीच चालवलेला एक आधारगट आहे. सदस्यांची ओळख पटू नये म्हणून त्याचे नाव येथे देत नाही. माझ्या विधवा चुलत बहिणीला व तिच्या मुलांना या गटाची मदत झाली असून तिच्या संमतीनेच हा अभिप्राय लिहीत आहे.

एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या उपचाराची, औषधे शासनाकडून 2004 पासून मोफत मिळतात हे खरे. परंतु कापूस वेचणीच्या दिवसांत औषधांसाठी एआरटी केंद्रावर जायचे म्हणजे मजुरी बुडते, आणि कुठे निघालीस या शेजारणीच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते ते वेगळेच. गटातील बाया शक्यतो बाजाराच्या दिवसाचीच तारीख मागून घेतात, त्यामुळे हातात पिशवी घेऊन निघालेल्या बाईला कोणी काही विचारत नाही. इतकी व्यवहारी समज मला मोठ्या संस्थांच्या माहितीपत्रकांत आढळलेली नाही.

गटाचे खरे बळ मात्र कागदपत्रांत आहे. बालसंगोपन योजनेतून प्रत्येक मुलामागे दरमहा 2250 रुपये मिळतात, पण त्यासाठी बालकल्याण समितीचा आदेश लागतो. संजय गांधी निराधार योजनेसाठी 21,000 रुपयांच्या आतील वार्षिक उत्पन्नाचा दाखला लागतो (एवढ्यात वर्ष कसे निघते, हे दाखला मागणाऱ्यांनाच ठाऊक). या दोन्ही कामांत गटातील एक ताई बहिणीसोबत कार्यालयात आल्या, आजाराचे प्रमाणपत्र बंद पाकिटात ठेवून ते थेट अधिकाऱ्यांच्याच हाती दिले, आणि संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्ही स्थिती उघड करण्यास 2017 च्या कायद्याने मनाई आहे, हे त्यांनी शांतपणे पण स्पष्ट शब्दांत सांगितले.

शिध्याच्या बाबतीत अपेक्षा ठेवू नये. तूरडाळ, शेंगदाणे व गूळ यांचे वाटप देणगीवर चालते आणि पावसाळ्यात, म्हणजे गरज सर्वाधिक असते तेव्हाच, ते बंद पडते. विधुर पुरुषांना बैठकीत जागा नाही, ही मला अधिक गंभीर उणीव वाटते. जाणत्या वयाच्या मुलाला आजाराविषयी कसे सांगावे, या प्रश्नावरही गट स्वतः काही करत नाही. केंद्रातील समुपदेशकाकडे पाठवतो, आणि ते योग्यच आहे.

गट आपण होऊन कोणाच्या दारी जात नाही. ज्यांना संपर्क हवा असेल त्यांनी एआरटी केंद्रातील समुपदेशकाकडेच विचारणा करावी. प्राथमिक माहितीसाठी 1097 ही निःशुल्क हेल्पलाइन आहे.