‘पाच वेळा का’ की संगणकीय विचारपद्धती? लहान उद्योगातील अडचण मांडण्याचे दोन मार्ग

लहान उद्योगात एखादी अडचण पुन्हा पुन्हा डोके वर काढू लागली की, तिची नीट मांडणी करण्यासाठी सहसा दोन पद्धती सुचवल्या जातात. एक म्हणजे टोयोटाच्या कारखान्यांतून जगभर पोहोचलेली, प्रत्येक उत्तराला पुन्हा ‘का’ विचारत मूळ कारणापर्यंत जाणारी ‘पाच वेळा का’ ही पद्धत आणि दुसरी संगणकशास्त्रातून आलेली संगणकीय विचारपद्धती. माझा छपाईचा छोटा व्यवसाय आहे. कबूल केलेल्या तारखेला काम ग्राहकाच्या हाती न पडणे हे आमचे जुने दुखणे होते आणि त्यावर मी या दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या आहेत. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो, हे मान्य करूनच पुढचे लिहितो.

‘पाच वेळा का’ची ताकद पाहायची असेल, तर टोयोटाचे ताइइची ओनो यांनी दिलेले बंद पडलेल्या यंत्राचे उदाहरण पुरेसे आहे. यंत्र थांबले, कारण भार वाढून फ्यूज उडाला. भार वाढला, कारण बेअरिंगला वंगण पुरत नव्हते. वंगण पुरत नव्हते, कारण पंप ते नीट खेचत नव्हता. पंप खेचत नव्हता, कारण त्याचा दांडा झिजला होता. आणि दांडा झिजला, कारण गाळणी नसल्यामुळे धातूचा कीस आत जात होता. नुसता फ्यूज बदलला असता, तर यंत्र काही काळाने पुन्हा थांबले असते. ही पद्धत कोणालाही चटकन समजते, तिला कागदही लागत नाही, आणि आमच्या छपाईयंत्राच्या बिघाडांसाठी मी आजही तीच वापरतो.

उशिराच्या प्रश्नावर मात्र तिचा एक त्रास मला फार जाणवला, आणि माझ्यापुरता निर्णय त्यानेच केला. प्रश्नांची साखळी दर वेळी कोणा ना कोणा माणसापाशी येऊन थांबत असे. यंत्रावरच्या माणसाने ‘का’ विचारले की साखळी पानांची मांडणी करणाऱ्याकडे जाई, आणि मांडणी करणाऱ्याने विचारले की ती ऑर्डर घेणाऱ्याकडे वळे. दोन्ही साखळ्या ऐकायला तितक्याच पटण्याजोग्या असत. खरे तर प्रत्येक ‘का’ला एकाहून अधिक उत्तरे असतात; विचारणारा त्यांपैकी एक नकळत निवडतो आणि बाकीच्या वाटा तिथेच बंद होतात. शेवटी हाती काय उरते, तर ‘यापुढे नीट लक्ष द्या’ ही सूचना आणि दोन माणसांमधला अबोला. जाणकार मंडळी साखळीला फाटे फोडतात आणि माणसापाशी थांबू नये असेही बजावतात, हे खरे आहे. पण जिथे मोजकीच माणसे रोज एकाच खोलीत काम करतात, तिथे हे पथ्य पाळणे मला तरी कठीण गेले.

संगणकीय विचारपद्धती हा शब्दप्रयोग गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ सीमोर पॅपर्ट यांनी 1980 मध्ये केला होता. संगणकशास्त्रज्ञ जीनेट विंग यांच्या 2006 मधील लेखामुळे तो सर्वदूर गेला. समस्येचे तुकडे पाडणे, तुकड्यांमधले साम्य हेरणे, गैरलागू तपशील बाजूला ठेवणे आणि उरलेल्याची पायरीपायरीने कृती लिहिणे ही तिची चार अंगे सहसा सांगितली जातात. आम्ही ऑर्डर घेण्यापासून पोहोचवण्यापर्यंतचे टप्पे वहीत एकाखाली एक लिहिले आणि प्रत्येकासमोर तीन रकाने आखले: हातात काय येते, पुढे काय जाते आणि टप्पा पुरा झाला असे केव्हा मानायचे. बाकीचे रकाने भराभर भरले गेले. प्रूफच्या, म्हणजे छपाईआधी ग्राहकाला दाखवायच्या नमुन्याच्या, मंजुरीचा तिसरा रकाना मात्र भरता येईना. एकजण फोनवरच्या होकारावर छपाईची प्लेट काढायला देत होता, दुसरा संदेशाची वाट पाहत होता आणि तिसरा सहीशिवाय कागदाला हात लावत नव्हता. प्रूफ टेबलावर पडून राहत होते ते यामुळे.

मग लेटरहेड, माहितीपत्रक, बिलबुक हे भेद बाजूला ठेवून प्रत्येक कामासाठी तीनच प्रश्न ठेवले: मंजुरी लेखी आली का, कागद हाताशी आहे का, छपाईनंतर हाताचे काम आहे का. रखडलेल्या कामांमध्ये बहुतेक ठिकाणी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे निघाले. त्यावरून नियम ठरला: मंजुरी लेखीच घ्यायची, ती न आल्यास दुसऱ्या दिवशी आठवण करायची, काम देण्याची तारीख मंजुरीच्या दिवसापासून मोजायची आणि मंजुरीनंतर बदल आला तर तारीखही नवी द्यायची. या सगळ्यात कोणाचेही नाव घ्यावे लागले नाही, आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. सुरुवातीला ती संथ वाटते आणि घाईच्या दिवसांत तिच्यासाठी वेळ काढणे जड जाते. तुकडे पाडण्याचा अतिरेक होऊ शकतो, आणि जुन्या ग्राहकाची उधारी किंवा सहकाऱ्याची नाराजी रकान्यात बसत नाही. शिवाय नाव ऐकून लगेच सॉफ्टवेअर घेण्याचा मोह होतो. ही यंत्रांची नव्हे, माणसांची विचार करण्याची रीत आहे, असे विंग यांनीच स्पष्ट केले आहे. आमचे काम तर आखीव वहीवर भागले.

तेव्हा बिघाड यंत्रात असेल, तर ‘का’ विचारत जाणे बहुधा पुरेसे ठरेल. काम अनेक हातांतून जात असेल, तर माझा कल संगणकीय विचारपद्धतीकडे आहे. तिची सुरुवात नुकत्याच उशिरा गेलेल्या एखाद्या ऑर्डरपासून करावी. त्या ऑर्डरचा प्रवास कागदावर उतरवावा आणि ‘हा टप्पा केव्हा पुरा झाला?’ या प्रश्नाला जिथे दोन माणसे दोन उत्तरे देतील, तो टप्पा आधी हाती घ्यावा.