शुगर उतरली म्हणून आम्ही खूश होतो

आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये फ्री शुगर चेकअप होतं म्हणून बाबांना घेऊन गेलो आणि 11,400 रुपयांचे तीन डबे घेऊन घरी आलो, ते कसं झालं ते सांगतो.

चेकअप नावालाच. खरा खेळ पुढे होता. तिथल्या विक्रेत्याने काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, बेटाडिनचे चार थेंब टाकले, पाणी विटकरी झालं. "काका, हे तुमचं रक्त समजा, फ्री रॅडिकल्सने गंजलेलं." मग चिमूटभर पावडर टाकून ढवळलं आणि पाणी एकदम नितळ, टाळ्याच पडल्या हो! मग कांद्यातलं क्वेर्सेटिन, जांभळातलं अँथोसायनिन, ग्रीन टीमधलं कॅटेचिन, सगळे फ्लेव्होनॉइड (वनस्पतींमधली नैसर्गिक द्रव्यं) एका चमच्यात, तीन महिन्यांत डायबेटिस मुळापासून जाणार. मी बीएस्सी केमिस्ट्री, तरी गप्प बसलो, याचीच जास्त लाज वाटते.

बाबांची डायबेटिसची गोळी, मेटफॉर्मिन, मी बंद करू दिली नाही, तेवढी अक्कल शाबूत होती. आठ दिवसांत उपाशीपोटीची शुगर 150 वरून 95 वर आली, बाबा खूश, शेजारच्या दोघांनीही डबे मागवले (ते बाबांच्याच शब्दावर, ते वेगळंच दुखणं).

मग एका रात्री अडीचला आईने हाक मारली. बाबांचा बनियन घामाने पिळून काढावा असा, हात थरथरतायत, मला ओळखतायत पण बोलणं तुटक. ग्लुकोमीटरवर 48. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी परत चेक केलं आणि तसंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी डबा बघितला आणि म्हणाले, नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा शुगर एवढी खाली जात नाही, आणि फ्लेव्होनॉइडने तर आठ दिवसांत असं होतच नाही. फ्लेव्होनॉइडचे चांगले रिझल्ट बरेचसे पेशींवरचे आणि उंदरांवरचे, माणसाच्या पोटात गेल्यावर त्यातलं फार थोडं रक्तात पोचतं. असल्या पावडरींमध्ये ग्लिबेनक्लामाइडसारखी शुगर पाडणारी स्वस्त अ‍ॅलोपॅथी गोळी कुटून घातलेली याआधी सापडलेली आहे, इथेही त्यांना तोच संशय. म्हणजे जी उतरलेली शुगर बघून आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो तीच खरी धोक्याची घंटा होती.

घरी येऊन तो ग्लासाचा खेळ मीच करून बघितला. बेटाडिनच्या पाण्यात व्हिटॅमिन सीची चघळायची गोळी चुरून टाकली, पाणी नितळ! आयोडीनचं आयोडाइड होतं, बाकी काही नाही, रक्ताचा काय संबंध. आणि डब्यावर एकदम बारीक अक्षरात लिहिलंय, हा फूड सप्लिमेंट आहे, औषध म्हणून वापरू नये. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी नंबरही आहे, पण तो खाद्यपदार्थाचा असतो, औषधाचा नाही. डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करायला तर 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे, म्हणून डब्यावर काही नाही, सगळं तोंडी.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणे "काकांना पावर जास्त लागू पडली, अर्धा चमचा द्या." दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद. शेजाऱ्यांचे डबे मी स्वतः जाऊन घेऊन आलो. एक सीलबंद डबा तक्रारीसाठी एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) न्यायला ठेवलाय, पण बिल म्हणून आमच्याकडे वहीचं फाडलेलं पान आहे, त्यावर नुसतं "मिळाले 11,400" आणि खाली एक सही, तीही वाचता न येणारी.