एकटीची सुई की अनेकांचं दुकान?

जेमी ओकुमा आणि बेथनी येलोटेल, दोघी अमेरिकेतल्या आदिवासी समाजातल्या फॅशन डिझायनर. धंद्याच्या वाटा मात्र वेगळ्या.

ओकुमाचं नाव झालं ते मणीकामामुळे. मिनियापोलिसच्या कलासंग्रहालयात तिची २०१२ची एक जोडी आहे. पॅरिसच्या लुबुताँ ब्रँडचे उंच टाचांचे महागडे जोडे, त्यांवर काचेचे मणी, साळिंदराचे काटे, पिसं. पॅरिसचा तोरा तिने आपल्या मण्यांखाली झाकून टाकलाय, मला तर यातली खोडीच जास्त आवडते. पण असं काम हातानेच होतं, घाई चालत नाही. गिऱ्हाईक म्हणजे संग्रहालयं नाहीतर हौशी संग्राहक. म्हणूनच ती तयार कपडेही काढते.

येलोटेल उत्तर शायेन आणि क्रो समाजाची, धंदा सुरू केला लॉस एंजेलिसमध्ये. स्वतःच्या कपड्यांसोबत ती इतर आदिवासी कारागिरांचे दागिने आणि मणीकामही विकते. कारागिराला बाजार आयता मिळतो. धोका नकलेचा. २०१५ मध्ये न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये एका बड्या ब्रँडचा ड्रेस तिच्या ड्रेसशी इतका जुळला की बोभाटा झाला. तिची नक्षी घराण्यातल्या जुन्या मणीकामावरून आलेली. (आपण वारली छापाचा कुर्ता घेताना तरी कुठे विचारतो, पैसे पाड्यावर पोचले का?)

कलाकुसरीत ओकुमाला तोड नाही. पण चार घरांत चूल पेटवायची असेल, तर माझं मत येलोटेलच्या दुकानाला.