गुडरीड्स : तारे बाजूला ठेवून वाचक शोधण्याची जागा

पुढचे पुस्तक कोणते हाती घ्यावे, हा प्रश्न नियमित वाचणाऱ्याची पाठ कधीच सोडत नाही. मलपृष्ठावरचा मजकूर पुस्तक विकले जावे म्हणून लिहिलेला असतो, नियतकालिकांतली परीक्षणे बहुधा ताज्या पुस्तकांपुरती असतात आणि पुरस्कारांच्या याद्या सर्वांसाठी एकच असतात. त्यामुळे ज्याची आवडनिवड आपल्याला ठाऊक आहे अशा दुसऱ्या वाचकाच्या शब्दावरच खरा भरवसा ठेवता येतो. वाचलेली पुस्तके नोंदवण्याची, त्यांना तारे देण्याची आणि त्यांवर अभिप्राय लिहिण्याची गुडरीड्स ही संकेतस्थळावरची सेवा मुळात याच भरवशावर उभी राहिली. ओटिस चँडलर आणि एलिझाबेथ खुरी चँडलर यांनी ती २००६ मध्ये उभारली आणि जानेवारी २००७ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. मित्राच्या घरचे पुस्तकांचे कपाट न्याहाळताना त्याच्याविषयी आणि पुस्तकांविषयी जे कळते ते संगणकाच्या पडद्यावर कळावे, ही त्यामागची कल्पना होती. २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने ती विकत घेतली. मी ही सेवा बऱ्याच काळापासून वापरत आहे आणि तिच्याविषयी माझे एक ठाम मत झाले आहे. प्रत्येक पुस्तकाखाली ठळकपणे दिसणारी ताऱ्यांची सरासरी हा तिचा सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. ही सेवा वापरावी ती, थोडे शोधल्यावर सापडणाऱ्या एकेकट्या वाचकासाठी.

सेवेची मूळ रचना साधी आहे. वाचून झालेली, सध्या वाचत असलेली आणि वाचायची आहेत अशी, असे पुस्तकांचे तीन कप्पे असतात आणि यांखेरीज आपल्याला हवे तितके कप्पे करता येतात. अर्ध्यावर सोडलेल्या पुस्तकांसाठी वेगळा कप्पा प्रत्येकाने करावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण वाचकाने काय पूर्ण केले याइतकेच त्याने काय सोडून दिले यावरूनही त्याची ओळख पटते. ‘वाचायचे आहे’ हा कप्पा मात्र लवकरच हाताबाहेर जातो. एका बोटाच्या स्पर्शाने पुस्तक त्यात जाऊन पडते, आणि काही महिन्यांनी यादी पाहताना यांतली निम्मी नावे इथे का आहेत हेच आठवत नाही. यावर उपाय त्याच सेवेत आहे, पण तो फारसा कोणी वापरताना दिसत नाही. प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत फक्त आपल्यालाच दिसेल अशी खासगी टिपणाची जागा असते. तिथे हे पुस्तक कोणी सुचवले आणि नेमके काय म्हणून सुचवले, एवढे एका वाक्यात लिहून ठेवले की यादीला अर्थ येतो. ‘शेवट फसला आहे, पण आजी आणि नातीचे संवाद वाचण्यासाठी घ्यावे’ अशा टिपणामुळे ते पुस्तक कोणत्या मनःस्थितीत उघडावे हे कळते. नुसत्या नावावरून ते कळत नाही.

आता ताऱ्यांविषयी. गुडरीड्सवर एक ते पाच असे पूर्ण तारेच देता येतात, अर्धा तारा देता येत नाही. या ताऱ्यांना सेवेने स्वतःचे अर्थ दिले आहेत: एक तारा म्हणजे आवडले नाही, दोन म्हणजे ठीक होते, तीन म्हणजे आवडले, चार म्हणजे खूप आवडले आणि पाच म्हणजे अप्रतिम. या पट्टीनुसार नापसंतीसाठी एकच पायरी आहे आणि पसंतीसाठी तीन. परंतु बहुसंख्य वाचक ही पट्टी मनात न ठेवता, परीक्षेत गुण द्यावेत तसे तारे देतात, आणि त्यांच्या लेखी तीन तारे म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. दोन वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजलेल्या लांबींची सरासरी काढली तर जे मिळेल तेच इथे मिळते. बहुतेक पुस्तके साडेतीन ते साडेचार या अरुंद पट्ट्यात येऊन बसतात आणि ३.८ व ४.१ यांतल्या फरकावरून काहीही ठरवता येत नाही.

यात आणखी एक गोम आहे. एखाद्या मालिकेतल्या पुढच्या भागांची सरासरी पहिल्या भागापेक्षा वर चढलेली अनेकदा दिसते. याचा अर्थ लेखकाची लेखणी भागागणिक सुधारत गेली असा नसतो; ज्यांना पहिला भाग आवडला नाही त्यांनी दुसरा हाती घेतलाच नाही आणि मागे फक्त चाहते उरले, एवढाच त्याचा अर्थ. याउलट पुरस्कार मिळून एखादे पुस्तक चर्चेत आले की ज्यांची ती आवडच नाही असेही वाचक ते उघडतात आणि सरासरी खाली येते. शिवाय प्रकाशनाआधी काही वाचकांना प्रती दिल्या जातात म्हणून पुस्तक बाजारात येण्यापूर्वीच त्याला तारे देण्याची सोय इथे आहे, आणि त्या सोयीचा गैरवापर होतो. जून २०२३ मध्ये रशियात घडणाऱ्या एका आगामी कादंबरीवर, युक्रेनमधील युद्धाच्या पार्श्वभूमीवर, शेकडो लोकांनी ती न वाचताच एक-एक तारा ठेवला आणि लेखिकेने तिचे प्रकाशन बेमुदत पुढे ढकलले. न वाचलेल्या पुस्तकाचे मूल्यमापन ज्या आकड्यात मिसळू शकते, त्या आकड्यावरून पुस्तक निवडणे मला तरी मान्य नाही.

मग या सेवेवर शिफारस शोधायची कशी? उत्तर वेळखाऊ आहे, पण फळ देणारे आहे. न वाचलेल्या पुस्तकाकडे आधी जायचेच नाही. जे पुस्तक आपण दोनतीनदा वाचले आहे, ज्याचे गुणदोष आपल्याला पाठ आहेत, त्याच्या पानावर जायचे आणि तिथले तीन किंवा चार ताऱ्यांचे अभिप्राय वाचायचे. पाच ताऱ्यांखाली पुष्कळदा नुसते कौतुक असते, एका ताऱ्याखाली पुष्कळदा नुसता राग असतो. मधल्या अभिप्रायांत मात्र वाचकाला काहीतरी तोलावे लागलेले असते आणि तो कशाला किती वजन देतो हे तिथे उघड होते. एखाद्याने लिहिलेले असते की निवेदक बदलताना भाषा बदलत नाही, त्यामुळे आईचे प्रकरण आणि मुलाचे प्रकरण एकाच माणसाने सांगितल्यासारखे वाटते. आपल्यालाही वाचताना तिथेच अडखळायला झाले होते, पण नेमके काय खटकले ते शब्दांत सापडले नव्हते. असा वाचक भेटला की थांबावे, त्याच्या पानावर जावे, आणि आपण दोघांनी वाचलेल्या समान पुस्तकांना त्याने किती तारे दिले आहेत ते पाहावे. ही तुलना शेजारी शेजारी मांडून पाहण्याची सोय इथे आहे. आवड शंभर टक्के जुळण्याची गरज नाही. किंबहुना पूर्णपणे जुळणारा वाचक फारसे नवे काही देत नाही. ज्याच्याशी आपले निम्म्या पुस्तकांवर एकमत आहे आणि उरलेल्या निम्म्यांवरचा मतभेद आपल्याला समजू शकतो, त्याच्या शिफारशी मला सर्वांत समृद्ध वाटतात. अनुवादित कादंबऱ्यांना सातत्याने कमी तारे देणारी एक वाचक मी आवर्जून फॉलो करते, कारण ती अनुवादाच्या वाक्यरचनेवर नेमके बोट ठेवते आणि तिने ज्याला चार तारे दिले तो अनुवाद मी डोळे मिटून घेते. नापसंतीची कारणे कळत असतील तर नापसंतीसुद्धा शिफारसच ठरते.

अशी दहाबारा माणसे मिळाली की सेवेचे रूप पालटते. कोणत्याही पुस्तकाच्या पानावर ओळखीच्या वाचकांचे अभिप्राय आधी दिसतात आणि अनोळखी गर्दी मागे पडते. फॉलो करणाऱ्यांची संख्या वाढवण्याच्या मोहात मात्र पडू नये. शेकडो जणांच्या नोंदी समोरून वाहू लागल्या की त्यांतला एकही आवाज ओळखीचा राहत नाही.

घेणाऱ्याने द्यायलाही हवे. इथल्या कित्येक अभिप्रायांत कथानकाचा सारांशच भरलेला असतो, आणि तो वर मलपृष्ठावरून घेतलेल्या परिचयात आधीच असतो. दुसऱ्या वाचकाला उपयोग होतो तो वेगळ्याच माहितीचा: पुस्तक कुठे पकड घेते, कुठे रेंगाळते, सलग वाचावे की रोज एक प्रकरण, आणि कोणत्या वाचकाने त्याच्या वाटेला जाऊ नये. रहस्य फुटेल असा मजकूर झाकून ठेवण्याची सोय आहे आणि ती न वापरणाऱ्याला क्षमा नाही. वाचन चालू असताना कितव्या पानावर आहोत हे नोंदवून सोबत चार शब्द लिहिता येतात, आणि मला पूर्ण अभिप्रायापेक्षाही या वाटेतल्या नोंदी अधिक बोलक्या वाटतात. शंभराव्या पानावर ज्या पात्राचा वैताग आला होता त्याच्याविषयी तीनशेव्या पानावर माया वाटू लागते. शेवटी लिहिलेल्या अभिप्रायात हा प्रवास पुसला गेलेला असतो.

वाचनाच्या सवयींवर या सेवेचा सर्वांत मोठा परिणाम वार्षिक संकल्पातून होतो. वर्षभरात किती पुस्तके वाचणार हा आकडा जाहीर करायचा आणि त्याच्याशी आपली प्रगती ताडून पाहायची, ही योजना २०११ पासून चालू आहे. वाचन सुटलेल्या माणसाला ती पुन्हा वाचनाकडे आणते, हे मी जवळच्या माणसांत पाहिले आहे आणि त्याचे मोल कमी लेखणार नाही. परंतु वाचन आधीच अंगवळणी पडलेल्यांना ती हळूहळू बारीक पुस्तकांकडे ढकलते. आठशे पानांची कादंबरी आणि ऐंशी पानांची दीर्घकथा इथे सारखीच मोजली जाते, त्यामुळे वर्ष सरत आले की जाड पुस्तक फडताळातच राहते. आकडा ठेवायचाच असेल तर तो इतका लहान ठेवावा की एखादा महिना एकाच पुस्तकात गेला तरी जिवाला घोर लागू नये. त्यापेक्षा पुस्तक सुरू केल्याची आणि संपवल्याची तारीख न चुकता नोंदवणे मला अधिक उपयोगी वाटते, कारण मागे वळून पाहताना आपण कोणत्या काळात काय वाचत होतो आणि कोणत्या पुस्तकाने आपल्याला अडवून धरले, हे त्या तारखाच सांगतात.

यंत्राने दिलेल्या शिफारशींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्या मिळण्यासाठी किमान वीस पुस्तकांना तारे द्यावे लागतात, आणि त्यानंतर जे समोर येते ते बहुधा सर्वांच्याच तोंडी असलेले असते.

मराठी पुस्तकांविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे. इथल्या नोंदींची देखभाल बऱ्याच अंशी ‘लायब्रेरियन’ म्हणवले जाणारे स्वयंसेवक करतात, आणि त्या कामासाठी अर्ज करायला आपल्या यादीत किमान पन्नास पुस्तके असावी लागतात. इंग्रजी पुस्तकांसाठी असे हात पुष्कळ आहेत, मराठीसाठी मोजके. त्यामुळे एकाच पुस्तकाची एक नोंद देवनागरीत आणि दुसरी रोमन लिपीत, लेखकाच्या आद्याक्षरांमध्ये एकीकडे जागा सोडलेली तर दुसरीकडे नाही, असा प्रकार आढळतो, आणि या नोंदी एकत्र जोडलेल्या नसल्या की अभिप्रायही विखुरतात. एका नोंदीवर शुकशुकाट दिसतो म्हणून पुस्तक कोणी वाचलेलेच नाही असे समजू नये. दुसऱ्या लिपीत शोधून पाहावे. जुन्या आवृत्त्यांवर आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक नसतो, म्हणून फोनच्या कॅमेऱ्याने त्याची बारकोड पट्टी टिपून पुस्तक जोडण्याची सोय तिथे निरुपयोगी ठरते आणि नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष व पृष्ठसंख्या हाताने भरावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे हे खरे, पण ज्या कथासंग्रहाची नोंदच नाही त्याची शिफारस कोणापर्यंत पोहोचणार? मराठीत लिहिलेले अभिप्राय संख्येने थोडे असल्यामुळे प्रत्येकाचे वजन मोठे आहे. इंग्रजी कादंबरीखालच्या हजारो अभिप्रायांत आपली भर कोणाच्या ध्यानातही येत नाही. मराठी पुस्तकाखाली लिहिलेल्या दहा ओळी त्या पुस्तकाविषयी तिथे असलेला सर्वांत सविस्तर मजकूर ठरू शकतात. मराठी वाचकांनी या सेवेवर यावे असे मला वाटते त्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे.

पर्यायांचा विचारही करायला हवा. टिम स्पाल्डिंग यांनी २००५ मध्ये सुरू केलेले लायब्ररीथिंग घरच्या संग्रहाची काटेकोर सूची करू इच्छिणाऱ्यासाठी उत्तम आहे. ते जगभरच्या ग्रंथालयांच्या सूचींतून माहिती घेते आणि तिथे अर्धे तारेही देता येतात. नादिया ओडुनायो यांनी एकटीने घडवायला घेतलेले स्टोरीग्राफ पाव ताऱ्यापर्यंत जाते, पुस्तकाचा भाव आणि गती यांवर वाचकांची मते गोळा करते, आणि तिथली सहवाचनाची सोय मला फार आवडते: दोघे मिळून एक पुस्तक वाचत असतील तर पुढे गेलेल्याची टिप्पणी मागे असलेल्याला त्या पानापर्यंत पोहोचेपर्यंत वाचता येत नाही. दोघातिघांनी ठरवून एकत्र वाचायचे असेल तर स्टोरीग्राफच निवडावे. अनोळखी पण समानधर्मा वाचक शोधायचा असेल तर जिथे माणसे जास्त तिथेच जावे लागते, आणि ती जागा अजूनही गुडरीड्स आहे.

एका सेवेत अडकून पडण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. गुडरीड्सवरून आपल्या सर्व नोंदींची एक फाइल उतरवून घेता येते. तीत पुस्तकांची नावे, तारे, कप्पे, तारखा, आपले अभिप्राय आणि खासगी टिपणेही येतात, आणि ती स्टोरीग्राफ व लायब्ररीथिंग या दोन्हींना वाचता येते. वर्षातून एकदोनदा ती उतरवून ठेवावी. आपल्या अभिप्रायाखाली इतरांनी लिहिलेली उत्तरे मात्र या फाइलमध्ये येत नाहीत, म्हणून ज्या चर्चेतून एखादे पुस्तक आपल्याला नव्याने उमगले ती त्याच दिवशी स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावी.